इंग्लंडच्या शिवारातली पाखरे

पाखरू कसे ओळखावे हे तुम्हाला शिकवायला नको. रात्री टिटवी ओरडली की बांधावरून काहीतरी गेले, हे तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या सांगता. पावशाचे 'पेर्ते व्हा' कानावर आले की पाभरीची आठवण होते. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा कोणत्या अंगाने उतरणार, हे माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. पुस्तक न उघडता आलेले हे ज्ञान परमुलखात कितपत उपयोगी पडते, असे कुणी विचारले तर मी सांगेन, पुष्कळच पडते. तिकडच्या शहरी माणसापेक्षा तुमचे काम लवकर होईल.

आता आपल्या खेड्यापाड्यांतली मुले-मुली शिकायला आणि नोकरीला इंग्लंडात आहेत. आईवडील महिना-दोन महिने जाऊन येतात. लंडनचा पूल, राजवाडा आणि मोठे घड्याळ पाहून होते. पण तिकडची शेती कशी होती, असे विचारले तर 'आगगाडीच्या खिडकीतून हिरवीगार दिसली' एवढेच उत्तर मिळते. अशा मंडळींसाठी आणि घरी बसून वाचणाऱ्या सगळ्यांसाठी हा लेख लिहीत आहे. मे महिन्यात मी केंब्रिजशायर आणि हॅम्पशायर या दोन परगण्यांत पायी हिंडलो. शेती खात्यात उमेद गेलेली, त्यामुळे पाय आपोआप शेताकडेच वळतात.

पहिली अडचण तुम्हाला वाटेल ती अशी की, परक्याच्या शेतात शिरायचे कसे? तिकडे त्याची चांगली सोय आहे. गावोगावच्या शेतांतून पूर्वापार चालत आलेल्या पायवाटा कायद्याने सर्वांना खुल्या आहेत. वाटेच्या तोंडाशी लाकडी खांब आणि त्यावर बाणाची पाटी असते. वाट उभ्या गव्हाच्या मधून गेली असली तरी शेतकऱ्याला ती मोकळी ठेवावी लागते. आपण मात्र एकामागे एक चालावे, फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. जनावरांत कुत्रा मोकळा सोडू नये. एवढे पाळले तर कुणी हटकत नाही, उलट 'सुप्रभात' म्हणतात.

दुसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यात तिकडे पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. पाखरांचा गलका सूर्य उगवण्याच्या तासभर आधीच सुरू होतो. आपल्यासारखी चारला उठायची सवय असलेल्या माणसाला हे सोपे जाते. लेकाचे घर झोपलेले असते, तेवढ्यात तुमची फेरी होऊन जाते. अंगात स्वेटर मात्र असू द्या. तिकडचा मे महिना म्हणजे आपला पौष समजावा.

आता ओळखण्याची रीत. नवखा माणूस आधी रंग पाहतो आणि तिथेच फसतो. ढगाळ उजेडात, झाडाच्या सावलीत, उन्हाकडे तोंड करून पाहिले की सगळी पाखरे काळीच दिसतात. म्हणून आधी जागा पाहावी. पाखरू कुंपणावर आहे, उघड्या रानात आहे, नांगराच्या मागे आहे की गोठ्यात आहे? मग आकार. चिमणी, साळुंकी, पारवा आणि कावळा ही चार मापे मनात ठेवली की पुरतात. त्यानंतर चाल पाहावी. ते टुणटुण उड्या मारते की पाय टाकत चालते? मग आवाज ऐकावा आणि रंग शेवटी पाहावा.

आवाजाचे महत्त्व किती, याचा दाखला हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावी आहे. तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री अठराव्या शतकात राहत होता. चिमणीहूनही लहान, हिरवट-पिवळट रंगाची, झाडाच्या शेंड्यात वळवळणारी पाखरे त्याच्या अंगणात येत. आपल्याकडे अशांना वटवट्या म्हणतात. लोक त्या सगळ्यांना एकच जात समजत. व्हाइटने कान देऊन ऐकले आणि १७६८ मध्ये ठरवले की ही एक नसून तीन निरनिराळ्या जातींची पाखरे आहेत, कारण तिघांची गाणी वेगळी आहेत. त्याच्याजवळ दुर्बीण-कॅमेरा असले काही नव्हते. त्याचे पुस्तक १७८९ मध्ये निघाले, ते आजही छापले जाते. गांडुळे नसतील तर जमीन निकामी होईल, हेही या गृहस्थाने त्या काळी लिहून ठेवले आहे. शेती खात्यातल्या माणसाला तेवढ्यासाठी तरी त्याच्या गावी जाऊन यावेसे वाटते. त्याचे घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे.

त्या तीन वटवट्यांपैकी एक अगदी सोपा आहे. तो दिवसभर 'चिफ-चॅफ, चिफ-चॅफ' असे स्वतःचे नावच घोकत असतो. त्याला विसरणे अवघड.

आता चला शेतात. इंग्लंडच्या शेताला आपल्यासारखा मातीचा बांध नसतो. तिथे जिवंत कुपाटी असते. हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपांची ओळ लावून ती छाटून छाटून दाट केलेली असते. मे महिन्यात ही कुपाटी पांढऱ्या फुलांनी अशी भरते की दुरून कापूस फुटल्यासारखी दिसते. काही कुपाट्या कैक शतकांच्या जुन्या आहेत. पाखरांचे निम्मे गाव याच ओळीत वसलेले असते.

कुपाटीच्या अगदी शेंड्यावर चिमणीएवढे, पण शेपटीला लांब आणि डोक्याने हळदीसारखे पिवळेधमक पाखरू बसलेले दिसले, तर तो यलोहॅमर. उडताना पाठीचा शेवट विटकरी दिसतो. हा भारिटाच्या कुळातला. हिवाळ्यात आपल्या ज्वारी-गव्हाच्या रानांत काळ्या डोक्याचे पिवळे भारीट थव्याने येतात, त्यांचा हा चुलतभाऊ. याचे गाणे म्हणजे एकाच सुरातले पाच-सहा भरभर ठोके आणि शेवटी एक लांबवलेला सूर. आपण पावशाच्या बोलात 'पेर्ते व्हा' ऐकतो, तसे इंग्रज शेतकऱ्यांनी याच्या गाण्यात शब्द बसवले आहेत. तो म्हणे सांगतो, 'थोडीशी भाकरी, पण चीज ना-ही!' चीज म्हणजे दुधाचा तो घट्ट वडीसारखा पदार्थ, जो तिकडचा मजूर भाकरीबरोबर खाई. म्हणजे आपल्याकडचे पाखरू पेरायला सांगते आणि तिकडचे शिदोरीची तक्रार करते. हे शब्द एकदा कानात बसले की कुपाटीकडे न पाहताही यलोहॅमर ओळखू येतो.

पण तो आता पूर्वीसारखा पावलोपावली भेटत नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यलोहॅमर हिवाळ्यात दाण्यावर जगतो. पूर्वी तिकडे गहू-सातू काढल्यावर धसकटे हिवाळाभर तशीच राहत आणि पेरणी वसंतात होई. धसकटांत सांडलेला दाणा आणि तणाचे बी यांवर पाखरांचा हिवाळा निघे. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच गहू पेरण्याची पद्धत आली, कारण त्याचे उत्पादन जास्त. कापणी झाली की लगेच नांगर आणि लगेच पेरणी. वर तणनाशकांनी तणाचे बी संपवले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात चूक काही नव्हते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाखराला खायला काही उरेना.

कुपाट्यांचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई सोसलेल्या त्या देशाने नंतर धान्य वाढवण्याचा ध्यास घेतला. मोठी यंत्रे वळवायला मोठी शेते हवीत म्हणून कुपाट्या उपटल्या गेल्या, आणि त्यासाठी सरकारनेच अनुदान दिले. आता तेच सरकार कुपाटी लावायला पैसे देते. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात तिथे कुपाटी छाटायला कायद्याने बंदी आहे, कारण त्या दिवसांत आत घरटी असतात. अनुदानाच्या फायली हाताळलेल्या माणसाला हे वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही.

कुपाटीत आणखी काय दिसेल? छातीवर नारिंगी-तांबडा रंग असलेला रॉबिन. तो धीट असतो. तुम्ही खुरपायला बसलात तर किडे टिपायला हातभर अंतरावर येऊन बसेल. पिवळ्या चोचीचा काळा कुळकुळीत ब्लॅकबर्ड दिसेल. आकाराने तो साळुंकीपेक्षा थोडा मोठा आणि गळा आपल्या दयाळासारखा गोड. अंगठ्याएवढा रेन शेपूट उभी धरतो आणि स्वतःच्या मापाच्या मानाने भलताच मोठ्याने ओरडतो. ही तिन्ही पाखरे घराच्या परसातही असतात, त्यांच्यासाठी शेतात जायची गरज नाही.

कुपाटी सोडून उघड्या गव्हात गेलात की मान वर करा. आकाशात ठिपकाही दिसत नाही, पण गाणे मात्र एकसारखे पाझरत असते, मिनिटा-दोन मिनिटांत श्वासाला थांबा नाही. तो स्कायलार्क, म्हणजे चंडोलच. आपल्या माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाचा हा भाऊ, तुरा जरा आखूड, रंग तसाच मातीचा. गात गात वर जातो, उंच एका जागी फडफडत राहतो आणि मग हळूहळू उतरत शेवटी दगडासारखा खाली पडतो. जिथे तो पडला तिथेच घरटे आहे असे मात्र समजू नका. तो लबाड आहे. जरा दूर उतरतो आणि पायी चालत घरट्याकडे जातो.

चंडोल जमिनीवर, पिकातच अंडी घालतो. ऑक्टोबरात पेरलेला गहू मे महिन्यात इतका दाट आणि उंच होतो की त्याला उतरायला फट मिळत नाही. पहिली वीण कशीबशी होते, दुसरी-तिसरी होतच नाही. मग तो ट्रॅक्टरच्या चाकोरीत घरटे करतो आणि त्याच चाकोरीने कोल्हा येतो. पण यावर निघालेला तोडगा इतका साधा आहे की तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे. पेरणी करताना शेताच्या मधोमध क्षणभर पेरणीयंत्र उचलायचे. साधारण चार मीटर लांब-रुंद जागा मोकळी राहते. हेक्टरी अशा दोन जागा सोडल्या की चंडोलाला विमानतळ मिळतो. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, त्यात अशा दोन जागांचे बत्तीस. हिशेब तुम्हीच करा, पोतेभरही गहू कमी होत नाही. केंब्रिजशायरमध्ये पक्षी संरक्षणाच्या राजेशाही संस्थेने, म्हणजे आर.एस.पी.बी.ने, २००० मध्ये एक पूर्ण शेत विकत घेतले. त्याला त्यांनी 'होप फार्म' असे नाव दिले. नफ्याची शेती करून पाखरेही वाढतात का, हे त्यांना पाहायचे होते. चंडोलाच्या या मोकळ्या जागांची परीक्षा तिथेही झाली. तिथले चंडोल काही वर्षांतच अनेक पटींनी वाढले.

चंडोलाच्या शेजारचीच दुसरी ओळख म्हणजे लॅपविंग. ही तिकडची टिटवी. आपल्या टिटवीला डोळ्यापुढे तांबडी कातडी असते, हिला ती नाही. त्याऐवजी डोक्यावर मागे वळलेली काळी नाजूक शेंडी आहे. पाठ दुरून काळी वाटते, पण ऊन पडले की हिरवी-जांभळी चमकते. पंख रुंद आणि टोकाला गोल. उडताना ते एकदा पांढरे, एकदा काळे असे लुकलुकतात. आवाज 'पी-विट', म्हणून खेड्यातले लोक हिला पीविटच म्हणत आले. घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर घिरट्या घालून भांडेल, तिथे मात्र ती थेट आपली टिटवी वाटते. स्वभाव सारखाच. पूर्वी हिची अंडी लंडनच्या श्रीमंतांच्या ताटात पक्वान्न म्हणून जात. ती विकायला बंदी करणारा खास टिटवीचा कायदा इंग्लंडात १९२८ मध्ये झाला. त्या कायद्याने अंडी वाचली. पण टिटवीला वसंतात उघडी, नुकती मशागत केलेली जमीन लागते, आणि शरदातच पेरलेल्या गव्हाच्या देशात ती कुठून मिळणार?

आता नांगराकडे वळू. आपल्याकडे नांगरामागे गायबगळे चालतात. तिकडे कुरव येतात आणि रूक येतात. कुरव म्हणजे समुद्रपक्षी, पण इंग्लंडात समुद्र कुठूनही फार दूर नाही, त्यामुळे नांगर लागला की पांढऱ्या कुरवांचा ढगच ट्रॅक्टरच्या मागे लोटतो. रूक हा कावळ्याच्या जातीचा. कावळ्यात आणि रुकात खेडूत घोटाळा करत नाहीत, कारण त्यांच्याकडे एक म्हणच आहे. एकटा रूक दिसला तर तो कावळा समजावा आणि कावळ्यांचा थवा दिसला तर ते रूक समजावेत. ही म्हण सोळा आणे खरी नाही, पण बारा आणे उपयोगी पडते. पक्के ओळखायचे तर चोच पाहा. मोठ्या रुकाच्या चोचीच्या मुळाशी पिसे नसतात, राखाडी-पांढरी कातडी उघडी असते. मांड्यांवरची पिसे सैल, जणू ढगळ चड्डी घातली आहे. रूक पेरलेला दाणा खातो हे खरे, पण जमिनीतल्या अळ्या आणि मुळे कुरतडणाऱ्या किडीही तो चोच खुपसून काढतो. चांगला की वाईट, हा वाद तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मी तो मिटवणार नाही.

वुडपिजनबद्दल मात्र वाद नाही. आपल्या पारव्यापेक्षा मोठा आणि गुबगुबीत, मानेवर पांढरा डाग, आणि उडताना पंखांवर ठळक पांढरी पट्टी. हिवाळ्यात मोहरीच्या जातीचे रेपचे पीक तो थव्याने येऊन पानासकट फस्त करतो. शेतकऱ्याने ठराविक वेळाने बार उडवणारी गॅसची तोफ शेतात ठेवलेली असते. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पाखरू आठवड्याभरात सरावते. याची संख्या १९७० पासून दुपटीहून वाढली आहे. म्हणजे शेती बदलली तेव्हा सगळीच पाखरे घटली असे नाही. ज्याला हिवाळ्यात हिरवे पान चालते त्याचे फावले. ज्याला दाणा आणि किडा लागतो तो मागे पडला.

वुडपिजनच्या घुमण्यात पाच सूर असतात. तीनच सूर ऐकू आले, 'कु-कूऽ-कु', आणि पाखरू फिकट राखी, मानेवर मागे काळी अर्धी कंठी असलेले दिसले, तर थांबा. हा आपला कंठी होला. तोच, वेगळा नाही. भारतात तो अनादिकाळापासून आहे, पण इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हता. तुर्कस्तान आणि बाल्कन देशांतून तो आपला आपण पश्चिमेकडे सरकत गेला, आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात त्याने पहिले घरटे केले. आता गावागावांत तारांवर बसलेला असतो. परदेशात जाऊन स्थायिक होणे माणसालाच जमते असे नाही. लंडनच्या बागांतला आपला हिरवा पोपट मात्र असा उडत गेलेला नव्हे. तो पिंजऱ्यातून सुटलेल्यांचा वंश आहे.

होल्याच्या जातीचाच टर्टल डव्ह हा पाहुणा आफ्रिकेतून उन्हाळ्यापुरता येतो. तो रानतणांच्या बियांवर जगतो. इंग्लंडच्या ज्या पाखरांची सर्वांत वाईट गत झाली त्यांत त्याचा क्रम वरचा. शंभरातले पाचही उरले नाहीत. मला तो पाहायला मिळाला नाही.

आकाशातले दोन सोपे सांगतो. रस्त्याच्या कडेच्या गवतावर एका जागी पंख फडफडत हवेत टांगल्यासारखी थांबलेली शिकारी पाखरू म्हणजे केस्ट्रेल, आपली खरूची. हिवाळ्यात ती आपल्या माळांवरही येते, त्यामुळे जुनी ओळख निघते. दुसरी रेड काइट, म्हणजे तांबूस घार. आपल्या घारीची शेपूट किंचित दुभंगलेली असते, हिची खोल दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी. इंग्लंडमधून ही घार माणसांनी मारून नाहीशी केली होती. १९८९ पासून परदेशातली पिले आणून सोडली, ती रुजली. आता लंडनहून ऑक्सफर्डला जाताना बसच्या खिडकीतून डझनाने दिसतात.

शिकारी पाखरांवरून औषधांची गोष्ट निघते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिकडे आल्ड्रिन, डिल्ड्रिन ही औषधे बियाण्याला चोळू लागले. तो दाणा टिपणारे पारवे आणि इतर पाखरे शेतात मरून पडू लागली. ती खाणारा स्पॅरोहॉक, आपल्या शिक्र्याचा भाऊबंद, पूर्व इंग्लंडातून जवळजवळ नाहीसा झाला. पुढे डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने एक युक्ती केली. संग्रहांत जपून ठेवलेली जुनी अंडी त्याने वजनाने आणि मापाने तपासली, आणि १९६७ मध्ये दाखवून दिले की डीडीटीचा वापर सुरू झाल्यापासून अंड्यांची टरफले पातळ झाली आहेत. आई उबवायला बसली की अंडे फुटे. इंग्लंडात डीडीटीवर १९८४ मध्ये बंदी आली, आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. स्पॅरोहॉक आता परतला आहे.

शेतातून वाड्यात या. गोठ्याच्या आढ्याला चिखलाची वाटी चिकटवून राहणारी स्वॅलो म्हणजे माळभिंगरी. आपल्याकडे हिवाळ्यात तारांवर रांगेने बसते ती याच जातीची. फरक एवढाच की इंग्लंडच्या माळभिंगऱ्या हिवाळ्यात आपल्याकडे न येता थेट दक्षिण आफ्रिकेला जातात, सुमारे दहा हजार किलोमीटर. एप्रिलात त्याच गोठ्यात परत येतात. गृहिणी त्या दिवसांत गोठ्याची वरची झडप उघडी ठेवते. आणि चिमणी? तीच चिमणी, आपलीच, तोच चिवचिवाट. पण तीही तिकडे पूर्वीपेक्षा खूप कमी झाली आहे.

संध्याकाळी साडेनऊच्या अंधुक उजेडात धान्याच्या कोठारामागे जाऊन गप्प उभे राहा. पांढरे, मोठ्या तोंडाचे काहीतरी पंखांचा एवढासाही आवाज न करता गवतावरून तरंगत गेले तर घाबरू नका. ते बार्न आउल. 'बार्न' म्हणजे कोठार. आपण त्याच कुळातल्या घुबडाला गव्हाणी घुबड म्हणतो. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी एकाच पाखराला आपापल्या वाड्यातल्या जागेचे नाव दिले, हे मला मोठे मौजेचे वाटते. ते उंदीर खाते, म्हणून तिकडचे शेतकरी कोठाराला लाकडी पेट्या टांगून त्याला बोलावतात. आपल्याकडे अजून त्याला अपशकुनी ठरवून दगड मारतात. उंदरांनी भुईमुगाचे किती नुकसान केले ते मात्र आपल्यालाच सांगतात.

हे सगळे ओळखून उपयोग काय, असे घरातली मंडळी विचारतील. इंग्लंडात त्याचा हिशेब ठेवतात. औषधांनी पाखरे मरू लागली आणि कुपाट्या निघू लागल्या तेव्हा, १९६२ पासून, हौशी माणसांनी ठरलेल्या शेतांत दर वसंतात फिरून पाखरे मोजायला सुरुवात केली. १९९४ पासून ते काम जास्त पद्धतशीर झाले. एका माणसाला एक चौरस किलोमीटर नेमून दिलेला असतो. त्याने वसंतात दोनदा पहाटे ठरलेल्या रेघेने चालायचे आणि दिसेल, ऐकू येईल ते लिहायचे. पगार नाही. यात शिक्षक, पोस्टमन, निवृत्त नर्स असे कुणीही असतात. त्यांच्या वह्यांतूनच कळले की शेतातल्या नेमलेल्या एकोणीस जातींच्या पाखरांची पातळी १९७० पासून साधारण ६० टक्क्यांनी खाली आली आहे. डोळ्यांनी हे कुणाच्या लक्षात आले नसते, कारण दर वर्षी थोडेथोडे घटते आणि मागच्या वर्षीचे पाखरू कुणी लक्षात ठेवत नाही.

२०१४ पासून शेतकऱ्यांची स्वतःची मोजणीही सुरू झाली. दर फेब्रुवारीत, म्हणजे पाखरांच्या खऱ्या उपासाच्या दिवसांत, शेतकऱ्याने आपल्याच शेतात एका जागी अर्धा तास उभे राहून मोजायचे. हे नोंदवायला ओळख हवीच. हल्ली फोनवर मर्लिन नावाचे ॲप मिळते, ते आवाज ऐकून नाव सांगते. वापरून पाहा, नव्या माणसाला बरे आहे. पण वारा सुटला की ते चाचपडते, आणि पाखरू काय करत होते हे त्याला कळत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागते.

केंब्रिजशायरमध्ये ज्यांच्या शेतातून माझी पायवाट जात होती, त्या साठीच्या शेतकरी गृहस्थांनी मला त्यांची वही दाखवली. त्यांच्या वडिलांनी ती सुरू केली होती. पेरणीच्या तारखा, पाऊस, टनाचा भाव आणि त्याच पानावर कडेला पाखरे. जुन्या पानांवर टिटव्यांपुढे नुसते 'पुष्कळ' लिहिलेले होते. पुढे आकडे आले, ते लहान होत गेले आणि मग काही वर्षे ती जागा कोरीच होती. सहा एकरांचा एक पाणथळ तुकडा, जिथे गहू तसाही नीट येत नसे, त्यांनी पेरायचा सोडून वसंतात नुसता उघडा ठेवायला सुरुवात केली. त्याचे थोडे सरकारी पैसे मिळतात. "पैसे थांबले तर काय कराल?" मी विचारले. त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, "तुम्ही शेती खात्यातले, तुम्हाला माहीत असायला हवे. योजना येतात आणि जातात. पण त्या तुकड्यात गहू लावून मी वडिलांच्या वेळेपासून तोटाच सोसला आहे."

आम्ही फाटकाशी उभे होतो. तुकड्याच्या पलीकडून 'पी-विट' ऐकू आले, मग आणखी एक. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, दोन जोड्या असे लिहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "तुमच्याकडची टिटवी कशी ओरडते?" मी ओरडून दाखवले. त्यांचा कुत्रा उठून बसला.